फ्रिजवर ठेवलेला फोन

चौतीस वर्षं मी विजेचे मीटर तपासले. त्यातली शेवटची अकरा वर्षं भरारी पथकात, म्हणजे वीजचोरी पकडणाऱ्या गाडीत गेली. या नोकरीनं मला पेन्शन दिलं आणि एक खोड लावून ठेवली. कुठलीही गोष्ट फार सुरळीत दिसली की मला शंका येते. नेमकं रीडिंग देणारा मीटर आणि गोड बोलणारा ग्राहक, दोघांच्याही मागची भिंत मी हात फिरवून बघायचे. त्यामुळे भाची मित्रा हिनं लखनौहून फोन करून "आत्या, पापा कुछ तो छुपा रहे हैं, आप आ जाइए" असं सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. लोक प्रवासाला निघताना काय काय बघायचं ते ठरवतात. मी कोणाकोणावर नजर ठेवायची ते ठरवलं.

पापा म्हणजे माझा धाकटा भाऊ प्रमोद. वय बासष्ट. केंद्र सरकारच्या नोकरीत फळांची प्रतवारी तपासायचं काम होतं, त्या निमित्तानं तीस वर्षांपूर्वी लखनौला गेला तो तिथलाच झाला. वहिनी गेल्यापासून तिथल्या महानगर नावाच्या मोहल्ल्यात एकटा राहतो. मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेतो. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला. तो दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो, साखर फार उतरली किंवा चढली की फोन ओरडतो. प्रमोदच्या फोनवरून तोच आकडा गोमती नगरात राहणाऱ्या लेकीच्या, म्हणजे मित्राच्याही फोनवर जातो.

मित्राचं म्हणणं असं की रोज साडेदहा ते एक तिच्या फोनवर आकडाच येत नाही. संपर्क तुटला एवढंच दिसतं. महिना जूनचा, लखनौ दशहरी आंब्याचं, आणि माझा भाऊ जन्माचा आंबेखाऊ. चोर कोण हे ठरलेलंच होतं. मुद्देमाल तेवढा पकडायचा होता.

चारबाग

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही, मी बराचसा झोपूनच काढला. चारबाग स्टेशनवर प्रमोद घ्यायला आला होता. वाळलेला दिसला, पण हसला तसाच. "जय भीम ताई. लय गरम होऊन राहिलं ना?" म्हणाला. अकोल्याच्या माणसाला कोणी उन्हाचं कौतुक सांगू नये. इथलं ऊन आमच्यापेक्षा कमीच होतं, फक्त चिकट होतं.

ई-रिक्षावाला माझी पिशवी स्वतः उचलून "माताजी, सँभल के, जल्दी नहीं है" असं इतक्या अदबीनं म्हणाला की मी वाटभर रस्ते ध्यानात ठेवत बसले. अकोल्यात रिक्षावाला असं बोलला तर समजावं, लांबून नेणार. घरी पोचल्यावर कळलं की अकोल्याहून आणलेली ठेच्याची बरणी रिक्षातच राहिली. दहा मिनिटांत तो बरणी घेऊन दारात हजर. त्यानं फडक्यानं पुसूनही आणली होती. तो गेल्यावर मी झाकण उघडून ठेचा किती आहे ते बघितलं. होता तेवढाच होता.

महानगर

प्रमोदचं घर कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात स्कूटर. स्कूटर नवी नाही, पण तिचा आरसासुद्धा लखलखीत. बुद्धमूर्तीसमोरचं फूल आणि स्कूटर, या दोन गोष्टी तो रोज सकाळी न चुकता बघतो. सेन्सर दोन रुपयांच्या नाण्याएवढा, डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेला. मी चष्मा लावून तो नीट बघितला.

"याला सील कुठं आहे?" मी विचारलं.

"ताई, हे विजेचं मीटर नाही ओ," प्रमोद म्हणाला.

मोजतो तो मीटरच, असं माझं मत. आमच्या कामात एखाद्या मीटरचा संशय आला की त्याच्या शेजारी दुसरा खात्रीचा मीटर लावतात आणि दोन्ही पळवून बघतात. त्याला चेक मीटर म्हणतात. माझी साखर काठावर असल्यामुळे बोटाला टोचून साखर बघायचं छोटं मशीन माझ्या पर्समध्ये असतंच. पुढचे दोन दिवस मी त्याचा चेक मीटर केला.

पहिल्याच सकाळी सहाच्या सुमारास प्रमोदचा फोन ओरडला. साखर एकसष्ट, आणि सत्तरच्या खाली ती जाऊ द्यायची नसते. मी धावत गेले तर हा डाव्या कुशीवर, दंड अंगाखाली दाबून घोरत होता. उठवून बोट टोचलं. एकशे अठरा. नाश्त्यानंतर पुन्हा पडताळलं तर सेन्सर एकशे चाळीस आणि बोट एकशे एकाहत्तर. तासाभरानं उलटं, बोटाचा आकडा उतरला आणि सेन्सर वरच. एकदा कमी, एकदा जास्त. नोकरीत असते तर तो मीटर मी त्याच दिवशी उतरवला असता.

"सदोष आहे," मी म्हणाले.

प्रमोदचे डोळे चमकले. "लिहून दे ना ताई. तू तर अथॉरिटी आहेस."

तेव्हा मला त्या चमकेचा संशय यायला हवा होता. आला नाही, कारण मला बरं वाटलं होतं. निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत कोणी माझा शेरा मागितला नव्हता. मी एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहिलं, "सदर मीटर तपासला असता विश्वासार्ह आढळला नाही," आणि खाली सही ठोकली. त्यानं तो कागद चुंबकानं फ्रिजच्या दारावर लावला. फ्रिजच्या डोक्यावर त्याचा फोन ठेवायची जागा होती. चार्जिंगची पिन तिथंच होती म्हणे.

गोमती नगर

रविवारी मित्राकडे जेवायला गेलो. महानगरातून गोमती नगरात जाणं म्हणजे एका शहरातून दुसऱ्यात जाणं. रुंद रस्ते, काचेची ऑफिसं, मॉल, आणि मित्राचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खाली बघितलं तर ई-रिक्षा डब्यातल्या खेळण्यांएवढ्या दिसतात. मित्राला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आमचं वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललंय. तिनं माझ्यासाठी झुणका केला होता. त्यात साखर होती. लखनौनं झुणक्याचीसुद्धा जीभ बदलली म्हणायची.

प्रमोद गॅलरीत गेल्यावर मी तिला माझ्या चाचणीचे आकडे सांगितले. कागदाचं सांगितलं नाही.

ती हसली नाही. "आत्या, हाथ दबा के सोओगे तो झूठ-मूठ कम दिखाएगा ही. और खाने के बाद फ़र्क आता है, क्योंकि वो ख़ून नहीं नापता, चमड़ी के नीचे का पानी नापता है. दस-पंद्रह मिनट पीछे चलता है. शक हो तो उँगली से देख लो. लेकिन अलार्म को झूठा मान के बैठ मत जाओ." मग म्हणाली, "और फ़ोन पास में होना चाहिए. उसी कमरे में. दूसरे मोहल्ले में नहीं."

मला पटलं. उशिरानं चालणारा मीटर खोटा नसतो, उशिराचाच हिशोब धरून वाचायचा असतो. हे मला तीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. पण आमच्या खात्यात दिलेला शेरा कोणी मागे घेत नाही. मीही घेतला नाही.

प्रमोद परत आला तेव्हा मित्रा त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पापा, एक बार भी कम शुगर में स्कूटर चलाते मिले ना, तो चाबी मेरे पास और आप यहाँ." तिनं एका खोलीचं दार उघडून दाखवलं. नवी गादी, नवे पडदे, खिडकीतून नुसतं आभाळ. प्रमोदनं आत डोकावून "अच्छी है बेटा" म्हटलं आणि दाराची मूठ हलकेच ओढून ते बंद केलं. मला वाटलं, याला आंबे सुटायची भीती.

मलिहाबाद

सोमवारी सकाळी तो स्वतःच म्हणाला, "ताई, चल, तुले मलिहाबाद दाखवतो. आमच्या रईस भाईंची बाग आहे." चोर स्वतःहून पंचनाम्याला बोलावतो तेव्हा पथकानं जास्त सावध राहायचं असतं. मी तयार झाले.

त्यानं इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि नाश्त्याला बसला. ताटात दोन पराठे होते. मी समोर बसले होते. मी फक्त "दोन?" एवढंच म्हणाले. त्यानं अर्धा खाल्ला आणि ताट सारलं. निघताना त्यानं फोन उचलला, फ्रिजवर चार्जिंगला लावला आणि हेल्मेट घातलं. मी बघितलं. हाक मारून "फोन राहिला" म्हणायला एक क्षण लागला असता. मी म्हटलं नाही. रंगेहाथ पकडायचं तर चोरी पूर्ण होऊ द्यावी लागते, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे.

हरदोई रस्त्यानं काकोरी मागे पडली की दोन्ही बाजूंना आंब्याशिवाय काही नाही. झाडं रुंद, ठेंगणी, आणि ओझ्यानं फांद्या जमिनीला टेकलेल्या. रस्त्याकडेला पेट्यांचे ढीग, ट्रक, आणि हवेला असा वास की माझ्यासारखीच्या तोंडालाही पाणी सुटलं. प्रमोद स्कूटर बेतानं चालवत होता. मागे बसून मी त्याच्या मानेकडे बघत होते.

रईस भाई सत्तरीचे, पांढरा कुडता, बोलणं इतकं मऊ की मी लगेच सावरून बसले. "आपा, तशरीफ़ रखिए. प्रमोद साहब तो हमारे उस्ताद हैं. ये न आएँ तो पेटी में कच्चा-पक्का सब साथ चला जाए." आमच्याकडे पाहुण्याला एकदा "घ्या" म्हणतात, त्यानं नाही म्हटलं की ताट उचलतात. इथं मी तीनदा नाही म्हटल्यावर तीन तऱ्हेचे आंबे समोर आले.

प्रमोद सावलीत पाट घेऊन ढिगाशी बसला. आंबा उचलायचा, देठाशी हुंगायचा, हातात तोलायचा, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. निवृत्तीनंतरही तो रोज इतक्या लांब याचसाठी येत होता. मी तासभर डोळा न हलवता बघितलं. एक फोडसुद्धा त्यानं तोंडात घातली नाही. माझा संशय त्यानं वाढलाच. मी बघत असल्यामुळे थांबलाय, असं मी धरून चालले.

बाराच्या आसपास त्यानं पिकलेल्यांच्या पेटीत एक कच्चा ठेवला. मग आणखी एक. रईस भाई हसून म्हणाले, "उस्ताद, आज हाथ किधर है?" प्रमोद एकदम "तेरे को क्या करना है" असं फिसकारला. माझा भाऊ कोणाशी असं बोलत नाही, आणि इथं तर आपसूकच सगळे 'आप' म्हणतात. मी मनात नोंद घेतली, ग्राहक बिथरला. तेवढ्यात त्यानं ढिगातला एक आंबा घेतला आणि न धुता, न सोलता सालीसकट तोंडाला लावला.

मी उठले आणि तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"सापडलास," मी म्हणाले. "रोज हेच चालतं ना?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या हातातल्या आंब्याकडे बघत होता, आणि त्याचा हात पुन्हा पुन्हा तिकडे येत होता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सदरा पाठीला चिकटला होता. मी आंबा पाठीमागे धरला. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण तसंच घडलं. चार वर्षांच्या पोरापासून लपवावा तसा मी तो लपवला.

रईस भाई पुढे आले. आवाज तसाच मऊ होता. "आपा, ये पसीना गर्मी का नहीं है. हमारे वालिद को भी ऐसे ही होता था."

मी पर्समधून मशीन काढलं. खरं सांगायचं तर साखर किती चढली आहे ते सिद्ध करायला काढलं. आकडा आला सत्तेचाळीस. मला वाटलं हेही बिघडलं. दुसरं बोट टोचलं. पंचेचाळीस.

चोरी नव्हतीच. घरात वीज कमी पडत होती आणि मी बाहेर वायरी शोधत होते.

रईस भाईंनी पेलाभर पाण्यात साखर ढवळून आणवली. प्रमोदला गिळता येतंय ना हे बघत मी घोट घोट पाजली. पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे आणि त्याच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसले. अडुसष्ट. पुन्हा अर्धा पेला, पुन्हा पंधरा मिनिटं. चौऱ्याण्णव. मग त्यानं मान वर करून "ताई, तू रडून काहून राहिली?" असं विचारलं. मला कळलं नव्हतं की मी रडतेय. रईस भाईंच्या घरून भाजी-रोटी आली. ती त्यानं सगळी खाल्ली, आणि मी ताटाकडे बघितलं नाही.

खाऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मित्राले नको सांगू."

"याआधी किती वेळा झालं?"

"तीनदा. एकदा काकोरीच्या मोडावर. स्कूटर थांबवली, बिस्किटं खाल्ली, झालं. फोन संग असला की तिकडे तिच्या ऑफिसात वाजते, यार. मग चाबी गेली, घर गेलं. फोन घरी असला की कोणाकडेच वाजत नाही."

"तुझ्याकडेही वाजत नाही, प्रमोद."

"तूच तर लिहून दिलं ना, मीटर खराब आहे म्हणून."

तो टोमणा मारत नव्हता, खरंच तसं मानून बसला होता. चोरी पकडायच्या नादात मी फोन फ्रिजवर राहू दिला, त्यानं इन्सुलिन घेतलेलं असताना ताटावर डोळे रोखून नाश्ता अर्धवट राहू दिला, आणि वर सहीशिक्क्यानिशी त्याला मोकळीक दिली. त्याला गरज होती तेव्हा हातातला घासही मीच काढून घेतला. तो परतीच्या रस्त्यावर, मला मागे बसवून स्कूटर चालवत असताना हे झालं असतं तर, हा विचार मी फार वेळ करू शकले नाही.

आम्ही रईस भाईंच्या पिकअपमधून परतलो. स्कूटर मागे पेट्यांमध्ये दोरीनं बांधली होती.

पुन्हा महानगर

प्रमोद घरात शिरून फ्रिजजवळ उभा राहिला आणि थोड्या वेळानं फोन जागा झाला. पडद्यावरच्या आलेखातली मधली मोकळी जागा आमच्या डोळ्यांदेखत भरत गेली. सेन्सर सगळा वेळ मोजत होता, सांगायला जवळ कोणी नव्हतं. अकरा वीसपासून रेघ उतरू लागली होती. म्हणजे तो कच्चे-पिकलेले नीट निवडत होता, मी त्याच्यावर पहारा करत होते, तेव्हाच त्या दोन रुपयांच्या नाण्याला पुढचं कळलं होतं. माझा शेरा फ्रिजच्या दारावर तसाच होता. मी तो काढला आणि फाडला.

"मी सांगणार आहे मित्राला," मी म्हणाले. "आधी माझं सांगेन, मग तुझं."

ती संध्याकाळी आली. मी पराठ्यापासून आंब्यापर्यंत काही न गाळता सांगितलं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं वडिलांसमोर नुसता हात पसरला. प्रमोदनं खिशातून चावी काढून त्यावर ठेवली. मित्रा चावीकडे बघत राहिली आणि तिचेच डोळे भरले. "पापा, मैं चाबी के लिए थोड़ी देखती हूँ फ़ोन," ती म्हणाली. "मेरे फ़ोन पे जब कुछ नहीं आता ना, तब सबसे ज़्यादा डर लगता है."

प्रमोदला हे बहुधा कोणी सांगितलं नव्हतं. तो आकड्यांना पाळत समजत होता, आणि खरं म्हणजे मीही.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इन्सुलिनचं माप बदललं आणि ते नीट बसेपर्यंत स्कूटर बंद ठेवायला सांगितलं. मलिहाबादला रईस भाईंच्या गाडीनं जायचं ठरलं. माप बसलं आणि डॉक्टरांनी होकार दिला की स्कूटर परत, पण कपूरथला बाजारापर्यंतच, निघण्याआधी आकडा बघून. मित्रानं त्याच्या फोनमधली आवाज बंद करायची आणि बॅटरी वाचवायची सोय तपासली, कारण त्यापायी अलार्म मुका होतो म्हणे. प्रमोदनं सदऱ्याला फोन मावेल असा खिसा शिवून घेतला. खिशाला बटण आहे का, हे मी ओढून बघितलं. घर मात्र त्याचंच राहिलं. अकराव्या मजल्यावरची ती खोली मित्रानं मला देऊ केली. तिथं मी एक दुपार झोपले, पंखा जरा हलतो.

अकोला

येताना दशहरीची पेटी आणली. वरच्या थरासारखाच खालचा थर आहे का ते गाडीतच उपसून बघितलं. होता. प्रमोदनं निवडलेली पेटी होती.

आता त्याचा आकडा माझ्याही फोनवर येतो. परवा दुपारी मी डाळ निवडत असताना फोन ओरडला. सदुसष्ट, आणि बाण खाली. मी लावला, त्यानं दुसऱ्याच रिंगला उचलला.

"वाजला ओ ताई, खिशातच आहे. घरीच आहो. बोटाचंही पाहिलं, एकोणसत्तर. साखरपाणी पिलो. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहीन." मग म्हणाला, "जेवणाला वेळ आहे अजून. समोर एक आंबा आहे. घेऊ?"

"घे," मी म्हणाले, आणि तो खात असल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत फोन ठेवला नाही.